हळदीची माती

हिंदुराव वस्तादांनी सर्जाच्या हातातला पेला हिसकावून घेतला आणि त्यातलं फेसाळतं दूध माझ्या पायांपुढं ओतून टाकलं.

"आजपासनं हिच्या हातचं दूध बंद," ते म्हणाले. "तालमीतला एक जरी पोरगा हिच्या म्हशीपाशी दिसला तर तंगडं मोडून हातात दीन."

सकाळची वेळ, कट्टा माणसांनी भरलेला. आमच्या कोल्हापुरात दूधकट्ट्यावर म्हशी आणून गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढायची रीत आहे. पैलवान यायचा, धारोष्ण दूध उभ्या उभ्या प्यायचा आणि मिशा पुसत जायचा. माझा नवरा गेल्यावर त्याची जागा मी धरली. विधवा बाई कट्ट्यावर बसली म्हणून लोक आधी फिदीफिदी हसले, मग माझ्या म्हशींचं दूध बघून गप बसले. माझं तोंड तिखट, पण दुधात पाण्याचा थेंब नाही, हे साऱ्या पेठेला ठाऊक होतं.

"वस्ताद, ओतलं ते ओतलं," मी म्हटलं. "कारण तरी सांगशीला का न्हाई? नासलं हुतं का पातळ हुतं?"

"दूध न्हाई नासलं, तू नासलीयास. गवळ्याची सून म्हणून मान दिला आणि तू माझ्याच पोराचा लंगोट सोडलास."

मी सर्जाकडं बघितलं. एवढा डोंगराएवढा गडी, पण मान खाली घालून उभा. वाटलं, आता बोलेल, मग बोलेल. बोलला नाही. वस्तादांच्या मागनं चालू लागला आणि मी हातात चरवी घेऊन खुळ्यासारखी बघत राहिले. लाज म्हणाल तर आली नाही. संताप आला, असा की कानशिलं तापली.

सर्जेराव चौगुले हा माझ्या नवऱ्याचा जिवाभावाचा दोस्त. पन्हाळ्याकडच्या खेड्यातला, बाप नसलेला. त्याच्या आईनं, हौसाबाईनं, लहानपणीच त्याला हिंदुराव वस्तादांच्या पायावर घातलं होतं. वस्तादांना बायको ना पोर. त्यांनी सर्जाला खाऊपिऊ घालून वाढवला, मालिश केली, आजारात उशाशी बसले. मला तो वैनी म्हणायचा आणि रोज माझ्याच म्हशीचं दूध प्यायचा. चार शब्द बोलायचा, तेही म्हशीबद्दलच. आमचं नातं म्हणजे एवढंच.

पण तालमीचा कायदा वेगळा. पैलवानाची ताकद लंगोटात, असं तिथलं शेंबडं पोरसुद्धा सांगतं. दिवाळीपासून सर्जाची ताकद उतरत होती. ज्यांना तो एका हातानं चीत करायचा ती पोरं त्याच्या पाठीवर बसायला लागली. ताकद गेली म्हणजे लंगोट सुटला. लंगोट सुटला म्हणजे बाई आली. आणि सर्जा जिच्याशी बोलायचा ती बाई एकच. झालं, निकाल लागला.

त्या दिवशी मामंजी, म्हणजे माझे सासरे, जेवले नाहीत. पान तसंच सारून म्हणाले, "गिरजा, माझा तुझ्यावर इस्वास हाय. पण मला ह्याच गल्लीत ऱ्हायचंय, ह्याच कट्ट्यावर दूध इकायचंय. जत्रंच्या मैदानात सर्जा जिकला तर लोकांची तोंडं आपसूक बंद हुतील. न्हाई जिकला तर पोरी, तुला निपाणीला माहेरी धाडण्याबिगार मला दुसरं काय सुचत न्हाई."

"आणि माझ्या म्हशी?"

"म्हशी हितंच ऱ्हातील. म्हशीचं काय नाव खराब झालंय?"

हे त्यांनी इतकं साधेपणानं म्हटलं की मला रडूच फुटलं. त्यातल्या दोन म्हशी मी रेडकं असल्यापासून मांडीवर डोकं घेऊन वाढवल्या होत्या. माहेरी भावजयीच्या हाताखाली भाकऱ्या बडवत मला जन्म काढायचा नव्हता. मनाशी म्हटलं, सर्जाला गाठायचा. शिव्या घालायच्या, पाया पडायचं, पण मैदान मारायला लावायचं.

दुपारी मी म्हशी धुवायला पंचगंगेच्या घाटावर न्यायची. तो घाटावर लंगोट धुवायला येतो हे मला माहीत होतं. आला. ऊन मी म्हणत होतं आणि अंगात बनियन. पैलवान गडी, ज्याची छाती सगळ्या पेठेनं बघितलेली, तो बनियन घालून नदीत उतरतो?

"कुणाची लाज वाटायलीय रं?" मी म्हटलं. "तोंड उघडायचं हुतं तवा लाज वाटली न्हाई व्हय? वस्तादांनी भर कट्ट्यावर माझी अब्रू काढली आणि तू मेंढरागत चालाय लागलास त्यांच्या मागनं!"

"वैनी, माझं चुकलं."

"चुकलं म्हणून भागतंय का? जत्रंत जिकून दाव. तुझ्या पायी मला घर सोडायची पाळी आलीया."

"जिकायचं कसं?" त्यानं वर बघितलं. "अंगात जोरच न्हाई. जेवण बघितलं की उमासं येतात. वस्ताद तूप-बदामाचं भांडं तोंडाला लावतात, मी गिळतो आणि मागं जाऊन वकतो."

उन्हात त्याचे डोळे मला पहिल्यांदा नीट दिसले. पिवळेजर्द होते.

"डोळं बघितलंस का आरशात? हळद लागल्यागत झाल्यात."

"हळदच हाय," तो म्हणाला. "मातीत हळद लई घातलीया. समदीच पोरं पिवळी दिसत्यात."

हे मात्र खरं होतं. त्या साली तालमीत गजकर्ण पसरलं होतं. आखाड्याची माती एक, घाम एक, अंग पुसायचं फडकं एक. एकाच्या जांघेतलं वर्तुळ दुसऱ्याच्या पाठीवर यायला कितीसा वेळ लागतो? बाहेरच्या तालमीतली पोरं यांच्याशी जोड धरायला नको म्हणायला लागली. वस्तादांना ते फार लागलं. त्यांनी मातीत लिंबू, ताक, तेल घालतात त्यात पोत्यानं हळद ओतली आणि औषधाच्या दुकानातून गजकर्णाच्या गोळ्या आणल्या. पोरांचं खाजणं थांबलं तशी त्यांनी गोळ्या सोडल्या. सर्जाच्या पाठीवरचे डाग मात्र हटेनात, आणि जत्रेची सगळ्यात मोठी कुस्ती त्याचीच. म्हणून त्याच्या गोळ्या दिवाळीपासून चालूच होत्या, त्याही दुप्पट. वस्ताद स्वतःच्या हातानं द्यायचे.

"हळद कातड्याला लागती," मी म्हटलं. "डोळ्यांच्या आत कशी शिरली? सर्जा, तुला कावीळ झालीया. चल, आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडं चल."

तो हलेना. मग पाण्यात उभ्या उभ्याच रडायला लागला. एवढ्या मोठ्या गड्याला रडताना मी कधी बघितलं नव्हतं.

"डॉक्टर कापडं काढाय लावंल," तो म्हणाला. "वैनी, तुमास्नी म्हणून सांगतो. माझी छाती... माझी छाती बाईसारखी व्हायला लागलीया. आत गाठी आल्यात, दुखतंय. तालमीतबी थंडीच्या नावानं बनियन काढत न्हाई. वस्ताद म्हणत्यात ते खरं असंल. मी बाईला हात लावला न्हाई, पण सपान पडतंय की माणसाला. द्येवानं त्याचीच शिक्षा दिली असंल."

माझा सगळा राग कुठल्या कुठं गेला. कुणी मेल्यावर बोलतात तसं मी नुसतं "न्हाई रं, न्हाई रं बाळा" म्हणत राहिले.

"कुणाला बोलू नगा," तो म्हणाला. "बोललासा तर ह्याच पाण्यात जीव दीन. मैदान झालं की जातो डॉक्टरकडं. वस्तादांनी जोड बांधलीया, त्यांचा शबूद खाली पडाय नगं."

छातीचं मी कुणापाशी बोलले नाही, पण गप्प बसवेना. दुसऱ्या दिवशी मी तालमीच्या दारात गेले. आत पाऊल टाकायची बाईला बंदी. मी उंबऱ्याबाहेर उभी राहून हाक मारली. आत पोरं जोर काढत होती. खरंच सगळी पिवळी होती, दंडावर, मानेवर, केसांतसुद्धा. त्यात सर्जा वेगळा ओळखू येईना, याचंच मला भ्या वाटलं.

"वस्ताद, माझ्यावर काय राग काढायचा तो मागनं काढा. पर त्या पोराचं डोळं बघा. त्याला कावीळ झालीया."

"हळद हाय ती."

"डोळ्यांत हळद मळतासा व्हय?"

दोन-चार पोरं हसली. वस्ताद हसले नाहीत. ते दारापर्यंत आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बघा रं पोरांनो. मी म्हणत हुतो ते खोटं हुतं का? दूध बंद केलं तर बया तालमीच्या दारात आली. जीव ऱ्हाईना तिचा."

मी त्याला वाचवायला आले होते आणि माझ्या येण्यानंच त्यांच्या संशयावर शिक्का बसला. आतून सर्जा ओरडला, "वैनी, जावा! तुमास्नी माझी आण, जावा!" त्याच्या त्या आवाजावर तर पोरांनी एकमेकांना कोपरखळ्या मारल्या.

वस्तादांनी खिशातून गोळ्यांची पट्टी काढली, सर्जाच्या तळहातावर गोळ्या सोलून ठेवल्या.

"वस्ताद, डॉक्टरानं एवढ्या सांगितल्यात?" मी विचारलं.

"डॉक्टर मानसाचं माप सांगतो. पैलवानाला ते माप म्हंजी हत्तीला चणा. माझं पोरगं हाय, मला कळतंय त्याला काय पचतंय." मग सर्जाकडं वळून म्हणाले, "गिळ. आणि उतर मातीत. आज घाम काढून तुझं पाप धुतो."

सर्जानं गोळ्या गिळल्या. माझ्याकडं एकदा बघितलं आणि मातीत उतरला. वस्तादांचा त्याच्यावर जीव होता, हे मी आजही नाकारत नाही. जीव होता म्हणूनच ते एवढे आंधळे झाले.

त्याच आठवड्यात तो मातीत पडला. मानेवर बसलेल्या पोराला वाटलं, हा डाव टाकतोय. पण तो उठेचना. तोंडातून काळपट उलटी झाली, काहीबाही बरळायला लागला, वस्तादांनाच ओळखेना. बातमी कट्ट्यावर आली तेव्हा मी धार काढत होते. तशीच उठले. मामंजी म्हणाले, "जाऊ नगंस, लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, "म्हणायचं काय शिल्लक ठेवलंय त्यांनी?"

सरकारी दवाखान्यात सर्जा पिवळाधमक पडला होता. अंगावरची माती पुसली तरी पिवळाच. खाटेजवळ वस्ताद उभे आणि एक तरुण डॉक्टरीणबाई त्यांना विचारत होत्या, "हा काय औषध घेत होता?" वस्तादांनी पट्टी पुढं केली. बाईंनी नाव वाचलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"किती दिवस? आणि रोज किती?"

वस्तादांनी सांगितलं.

"गजकर्ण म्हणजे बुरशी," त्या म्हणाल्या. "तिच्या अंगाभोवती पातळ पापुद्रा असतो. तो बांधायला तिला एक प्रकारची चरबी लागते. ही गोळी ती चरबी तयारच होऊ देत नाही. पापुद्रा फाटका राहतो आणि बुरशीची वाढ थांबते."

"मग ते चांगलंच की," वस्ताद म्हणाले.

"बुरशीपुरतं चांगलं. पण गोळी पचवायला लागतं यकृत. एखाद्याच्या यकृताला ती सोसत नाही, आतून जळल्यासारखं होतं. म्हणून आम्ही आधी रक्त तपासतो, मधेमधे तपासतो. भूक मेली, लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले की त्याच दिवशी गोळी बंद. तुम्ही तर वाढवत नेली."

"बाकीच्या पोरांनीबी खाल्ली की! ती धडधाकट हाईत."

"सगळ्यांना होत नाही. कुणाला होईल ते आधी सांगताही येत नाही. आणि त्यांनी थोडे दिवस घेतली." बाईंनी चादर सारखी केली. "आणखी एक. याची छाती सुजली आहे. पुरुषाच्या अंगात पुरुषपणाचा जो रस तयार होतो, तोही ही गोळी जास्त झाली की अडवते. ताकद उतरते, छातीत गाठी येतात. यानं कुणाला सांगितलं नव्हतं?"

मी चादर त्याच्या गळ्यापर्यंत ओढली. वस्तादांच्या तोंडून एवढंच निघालं, "म्हंजी... लंगोट?"

बाईंना कळेना. मीच म्हटलं, "डॉक्टरीणबाई, ते इचारत्यात की ह्याची ताकद गेली ती बाईच्या नादानं तर न्हवं?"

"काय बोलता तुम्ही?" बाई चिडल्या. "गोळ्यांनी झालंय हे. निव्वळ गोळ्यांनी."

वस्ताद खाटेपाशी गेले. गुडघ्यावर बसले आणि सर्जाच्या कानाशी तोंड नेऊन, मैदानात पुकारतात तशा आवाजात ओरडले, "सर्जा! तू निर्मळ हाईस रं! ऐकतोस का? तुझा लंगोट निर्मळ हाय! माझ्या हातानं झालं लेकरा, माझ्या हातानं!" सिस्टरबाई धावत आल्या, बाकीचे आजारी उठून बसले, तरी ते ओरडतच होते. ज्याला ऐकायचं होतं त्याला काहीच ऐकू येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला.

वाटलं, निदान आता तरी लोकांची तोंडं बंद होतील. कसली बंद होतात! "कावीळ झाली हुती" म्हटलं तर लोक म्हणायचे, "धातू गेल्यावर कावीळ धरनारच की." "गोळ्या बाधल्या" म्हटलं तर म्हणायचे, "मग बाकीची कशी जिती?" गवळणीनं पैलवान खाल्ला, हे वाक्य पोरंटोरं माझ्या पाठीमागं म्हणायला लागली. मामंजींनी माझ्या भावाला निपाणीला निरोपही धाडला.

दहाव्याच्या दिवशी वस्ताद आमच्या दारी आले. कट्ट्यावर दूध ओतणारा माणूस तो हाच का, असं वाटावं इतके वाळले होते. मामंजींना म्हणाले, "शिवाप्पा, सुनंला घिऊन सर्जाच्या गावाला चल. आज समदं गाव जमंल, तालमीची पोरंबी येतील. मी समद्यांदेखत सांगतो. डॉक्टरीणबाई काय म्हणाली, त्याच्या छातीला काय झालं हुतं, गोळीनं त्याचं पुरुषपन कसं मारलं, समदं. त्याबिगार लोक इस्वास ठेवनार न्हाईत. हिच्या माथ्यावरचं पाप मी काढतो."

मामंजींच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी नवा पटका बांधला. एसटीत ते माझ्या शेजारी बसले आणि वाटेत म्हणाले, "भावाला दुसरा निरोप धाडतो. म्हणावं, तुझी भन हितंच ऱ्हानार." कित्येक दिवसांनी माझ्या जिवात जीव आला.

हौसाबाईच्या अंगणात माणूस मावत नव्हतं. मी दाराजवळ बसले. बायकांनी अंग चोरून घेतलं. तेवढ्यात हौसाबाईनं माझं मनगट धरलं आणि मला आत नेलं. पाठीमागं दार लोटून घेतलं.

आजवर हे मी कुणाला सांगितलं नाही. हौसाबाई गेल्या माघात गेल्या, म्हणून सांगते.

"लेकी," त्या म्हणाल्या, "वस्ताद काय बोलनार हाईत ते मला कळलंय."

"व्हय मावशी. खरं तेच बोलनार हाईत."

"खरं हाय, ठाऊक हाय मला. आंगूळ घातली तवा मी बघितलं न्हाई का? छाती बघून मी गड्यांना बाजूला सारलं आणि माझ्या हातानं त्याच्यावर धोतर टाकलं. मी आई हाय त्याची. त्यानं उभ्या जन्मात काय मिळवलं? जमीन न्हाई, बायकू न्हाई, पोर न्हाई. पैलवान ह्यो एक शबूद मिळवला. आज ते सांगितलं तर उद्यापासनं गावातली पोरं माझ्या सर्जाला काय म्हणतील? बाईच्या नादानं गेला म्हणू देत. त्यात गडी तरी ऱ्हातो. ह्यात कायबी ऱ्हात न्हाई."

"आणि माझं काय, मावशी?" मी म्हटलं. रागानंच म्हटलं. "मी काय केलंय म्हणून माझं घर जावं?"

त्या म्हाताऱ्या बाईनं माझ्या पायांवर डोकं ठेवलं. मी त्यांना उठवायला वाकले, पण त्या पाय सोडीनात.

बाहेर वस्तादांनी बोलायला सुरुवात केली होती. "मंडळी, आज मला तुमच्यासमोर एक गुन्हा कबूल करायचाय," असं काहीतरी ऐकू आलं. मी पाय सोडवून घेतले आणि दार उघडून बाहेर आले. सगळ्यांच्या नजरा माझ्यावर. मामंजी पुढं बसले होते, माझ्याकडं बघून मान हलवत होते.

"वस्ताद," मी म्हटलं.

ते थांबले. "आलीस? बस. तुझंच सांगतोय."

"माझं काय सांगायचं न्हाई. त्याला कावीळ झाली आणि तो गेला. एवढंच हाय."

"अगं, पर डॉक्टरीण..."

"एवढंच हाय, वस्ताद."

त्यांनी माझ्यामागं, उघड्या दारात बघितलं. तिथं हौसाबाई उभ्या होत्या. वस्ताद मटकन खाली बसले. कोपऱ्यातून एक बाई म्हणाली, "बघा, गवळणीनं सोता कबूल केलं." कुणी तिला गप्प केलं नाही.

मामंजी उठले. पटका सावरला आणि माझ्यासाठी न थांबता एसटीच्या रस्त्याला लागले.